अस्वलाचं फावडं

डोंगरांना अजून नावं नव्हती तेव्हाची गोष्ट. आम्ही चौघं याकगुरुजींकडे पायांना फळ्या बांधून बर्फावर घसरायला शिकत होतो. "प्रत्येकाच्या पाठीवर फावडं हवंच," गुरुजी बजावायचे. मी पडलो अस्वल, जन्माचा बर्फातला! मी कशाला गाडला जातोय? फावडं गुपचूप शिखरावरच्या खडकाआड ठेवलं.

पहिल्याच उतारावर मी भुसभुशीत बर्फात गडप झालो. वर दिसत होती फक्त एक फळी. बाकीच्या तिघांनी धापा टाकत आपापल्या फावड्यांनी मला उकरून काढलं.

नाकातला बर्फ शिंकरून मी ऐटीत म्हणालो, "बघा, माझ्या फावड्याची गरजच पडली नाही!"

तिघांतला इवलासा ससा घाम पुसत म्हणाला, "अस्वलदादा, आत मी असतो तर?"

उतरायला मला पळभर लागलं होतं. फावड्यापर्यंत परत चढायला अख्खी दुपार गेली.