तपासनिसाची शेवटची ओळ

डोंगराच्या कुशीत एक मठ होता. मठात पद्माकरबाबा राहायचे आणि त्यांचा लाडका, नाकावर माशी बसू न देणारा शिष्य इंद्रनील. तिथे जुन्या पोथ्या कॉम्प्युटरवर उतरवायचं काम चालायचं, बरं का.

"सांगा ना बाबा, आज तरी सगळी यंत्रं माझ्या हाती देणार?"

बाबा सुपारी कातरत होते. "काय केलंस ते तर सांग."

कॉम्प्युटरची ती काळी खिडकी असते ना, हुकूम लिहायची? ती उघडताना दरवेळी आधी एक फाइल वाचते, आणि त्यात लिहिलंय तशी वागते. मठातली मंडळी त्या फाइलीत काहीबाही खुपसत, मग खिडकी रुसायची. इंद्रनीलनं ती फाइल तपासणारी स्क्रिप्ट, म्हणजे ओळीनं हुकुमांची यादी, लिहिली होती.

"आणि स्क्रिप्ट त्या फाइलीतच बसवली, बाबा. खिडकी उघडली की आपोआप तपासणी! माझ्या यंत्रावर सकाळीच चढवलीय."

"तिची शेवटची ओळ काय?"

"काम झालं, बाहेर पड. नीटनेटकं नको का?"

"हं... आणि चालते?"

"चालते म्हणजे! ही बघा, सकाळपासून खिडकी उघडीच आहे."

बाबांनी अडकित्ता खाली ठेवला. हात लांबवला, आणि ती खिडकी मिटली.

"उघड."

इंद्रनीलनं उघडली. उघडली, आणि मिटली. पुन्हा उघडली... पुन्हा मिटली.

स्क्रिप्ट सांगितलेलं चोख करत होती. बाहेर पडत होती, ती ज्या खिडकीत बसली होती ती घेऊनच.

पोराचे कान तापले. ती ओळ खोडायची तर खिडकीतूनच खोडायची, आणि खिडकी तर आत घेईना.

"बाबा... हे सगळीकडे चढवलं असतं, तर अख्खा मठ बाहेर उभा राहिला असता."

बाबांनी पडद्याच्या कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे आणखी एक काळी खिडकी होती. उघडी.

"ही कुणी...?"

"तू चढवायच्या आधी आंघोळीला गेलास ना, तेव्हा उघडून ठेवली. तुझी स्क्रिप्ट तिनं वाचलीच नाही. तोंड बघूनच कळलं, स्वारी आज काहीतरी करणार."

इंद्रनीलला हसू आलं, डोळेही भरले. त्या खिडकीतून त्यानं ओळ खोडली. मग नवी खिडकी उघडली. ती राहिली.

"घे," बाबा उठत म्हणाले, "आजपासून यंत्रं तुझी."

"अहो, आत्ताच तर एवढा चुकलो!"

"काल चुकला नव्हतास. दिली होती का...? चल, आमटी निवतेय."