अध्यक्षांचा नेम

व्यावसायिक बास्केटबॉलपटू म्हणून नाव कमावलेली शर्वरी धायगुडे निवृत्त होऊन कराडला परतली, ती गावातल्या मुलींना खेळ शिकवायचा असं ठरवूनच. क्रीडा मंडळाच्या कचेरीचं दार बुटकं आणि बाई सहा फुटी, त्यामुळे तिला वाकूनच आत जावं लागे. अध्यक्ष आबासाहेबांना मात्र वाटे, ही आपल्यालाच नमस्कार करते.

मंडळाचं मैदान रोज संध्याकाळी आबासाहेबांच्या पाहुण्यांच्या गाड्यांनी भरलेलं असे. ते मुलींसाठी मोकळं मिळावं, असा अर्ज शर्वरीने भर बैठकीत पुढे ठेवला.

आबासाहेब मिशीत हसले. "अहो ताई, तुमची हयात टोपलीत चेंडू टाकण्यात गेली. आता आमचीही टोपली बघा. केराची!"

त्यांनी अर्जाचा बोळा केला आणि ऐटीत कोपऱ्यातल्या केराच्या टोपलीकडे भिरकावला. सभासद खो खो हसले.

बोळा टोपलीच्या काठावर आपटून उडाला. शर्वरीने जागेवरूनच लांब हात करून तो वरच्यावर झेलला.

"आबासाहेब, आमच्या खेळात काठावरून उडालेला चेंडू ज्याच्या हाती लागतो, त्याचा होतो. आता डाव माझा." तिने बोळा उलगडून, हाताने सारखा करून त्यांच्यापुढे ठेवला. "करा सही."

सभासद पुन्हा हसले, पण या वेळी कुणाला, ते आबासाहेबांना कळलं. त्यांनी निमूटपणे सही केली.

दारात वाकता वाकता शर्वरी म्हणाली, "नेम सुधारायचा असेल तर संध्याकाळी या. लहान मुलींच्या गटात घेते तुम्हाला. फक्त गाडी घरी ठेवून या!"