काचलेला रेशमी दोरा

एका नदीच्या वळणावर एक गाव होतं आणि त्या गावात केरबा नावाचा एक गळकरी राहत होता. जाळी टाकणारे गावात पुष्कळ होते, पण काठावर बसून गळानं मासा धरावा तर केरबानंच, असं सगळे म्हणत. वेळूची लांब काठी, काठीला दोरा, दोऱ्यावर भेंडाचा हलका तरंगा आणि त्याच्याखाली गळ. तरंगा पाण्यावर डुलत वाहत जायचा. तो गपकन बुडाला की मासा लागला म्हणायचं. पाहायला सोपं, पण वाहत्या पाण्यात ते साधणं महाकठीण.

"सगळा खेळ दोऱ्याचा आहे," केरबा सांगायचा. "डोहात कसलाही दोरा चालतो. पण धारेत जाड दोरा टाकलात की पाणी आधी त्यालाच धरतं. दोऱ्याला पोट येतं, तरंगा भलतीकडे ओढला जातो, आणि आमिष असं वेडंवाकडं पळायला लागलं की शहाणा मासा तोंड फिरवतो. फार बारीक घ्याल, तर मासा गळासकट दोरा घेऊन जाईल. दोरा हलका हवा, पाण्यावर तरंगणारा हवा आणि वजन पेलणाराही हवा."

आसपासच्या पाच गावांतली माणसं दोरा घ्यायचा झाला की केरबाला सोबत बाजारात न्यायची. तो दोऱ्याचा हात-हात बोटांतून फिरवायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "हा घे," किंवा, "हा ठेव." त्याचा शब्द म्हणजे शिक्का.

त्याचा स्वतःचा दोरा होता रेशमाचा. यात्रेत एका फिरत्या व्यापाऱ्याकडून घेतलेला, तीन पदरी, मेण चोळलेला, ऐंशी हात लांब. पाण्यावर असा अलगद पडायचा की पाण्यालाही कळू नये. गावातला जानकू अंबाडीच्या वाखाची सुतळी वळायचा. त्याला केरबा चारचौघांत हसून म्हणायचा, "जानकू, तुझी अंबाडी गुरांसाठी. माशांना रेशीमच पाहिजे."

एकदा काय झालं, केरबाच्या गळाला भला थोरला मासा लागला. मासा दोरा ओढत पार पलीकडच्या धारेपर्यंत पळाला आणि इकडे काठीजवळचा दोरा काठावरच्या खडकावर घासत राहिला. अखेर मासा दमला. केरबानं तो खांद्यावर टाकून गावातून मिरवत नेला. घरी येऊन दोरा गुंडाळताना मात्र त्याची बोटं थबकली. काठीकडच्या वीस-पंचवीस हातांत दोरा ठिकठिकाणी काचला होता. एका जागी तर तीन पदरांतला एक तुटून वर आला होता.

केरबानं इकडं तिकडं पाहिलं. कुणी नव्हतं. त्यानं काचलेल्या जागेवर मेण चोळलं आणि दोरा गुंडाळून टाकला. रोजच्या माशाला एवढा दोरा सोडावाच लागत नाही, त्यानं स्वतःची समजूत घातली. आणि गावाला दोरे निवडून देणाऱ्याचाच दोरा काचला, हे लोकांना कशाला सांगायचं?

त्यानंतर पंधरा दिवसांनी, भर दुपारी, नदीकडून आरडाओरडा ऐकू आला.

नदीच्या मधोमध एक लहानसं बेट होतं. तिथली माती चिकण, मडक्यांना फार चांगली. ठकू कुंभारीण आपलं गाढव घेऊन ती माती आणायला जायची. तिचा नवरा अंथरुणाला खिळला होता, त्यामुळे माती आणण्यापासून बाजारापर्यंत सगळं तिच्याच अंगावर पडलं होतं. त्या दिवशी ती गेली तेव्हा बेटाकडच्या उतारावर पाणी घोट्याएवढं होतं आणि गावावर लख्ख ऊन पडलं होतं. पण वर डोंगरात ढग फुटला होता. बघता बघता नदी तांबडी झाली आणि फुगली. बेटाच्या दोन्ही बाजूंनी पाणी घोंघावू लागलं. ठकू आणि तिचं गाढव मध्ये अडकली.

केरबा काठावर पोचला तेव्हा सगळा गाव गोळा झाला होता.

"होडी कुठं आहे?" पाटील ओरडत होते.

"खालच्या घाटावर, पाटील. डांबर लावायला उलटी घातली आहे."

एका पोहणाऱ्या गड्यानं उडी घेतली. पाण्यानं त्याला गरकन फिरवलं आणि पन्नास हात खाली काठावर फेकलं. मग चौघांनी विहिरीचा जाड दोर आणला, टोकाला वाळका भोपळा बांधला आणि वरच्या अंगानं सोडला. दोराला पोट आलं. पाण्यानं त्याला खेचून भोपळ्यासकट परत याच काठाला आणून लावलं. पुन्हा सोडला, पुन्हा तेच. बेटाचा वाळूचा काठ तोवर बुडाला होता.

"जाड दोर आधी जायचा नाही," केरबा म्हणाला. ते त्यानं ठरवून म्हटलं नव्हतं, आपसूक तोंडातून निघालं. "धार त्यालाच धरते. आधी बारीक दोरा सोडायला हवा. वरच्या अंगाच्या त्या जांभळीच्या झाडापासून सोडला तर धार तो बरोबर बेटावर नेईल. ठकूच्या हाती तो आला की त्याच्यामागं जाड दोर बांधायचा. तिनं तो ओढून घ्यायचा, कमरेला बांधायचा आणि आपण तिला ओढायची."

"मग बघतोस काय?" पाटील म्हणाले. "आण तुझं रेशीम!"

केरबा पळत घरी गेला. खुंटीवरचा दोरा काढताना ती काचलेली जागा त्याला आठवली. नदीपर्यंतच्या वाटेत सांगून टाकावं असं दोनदा मनात आलं. पण लोक दोन्ही बाजूंना सरून त्याला वाट देत होते. "आला, केरबा आला!" असं म्हणत होते. त्याला बोलवेना.

त्यानं टोकाला लहान भोपळा बांधला आणि जांभळीखालून पाण्यात सोडला. रेशीम पाण्यावर अलगद उलगडत गेलं. भोपळा धारेतून तिरपा बेटाकडे निघाला. दहा हात राहिले. पाच हात. ठकूनं एका हातानं बेटावरच्या उंबराचं खोड धरलं आणि दुसरा हात लांब केला. तेवढ्यात गाढव बिचकून तिच्या अंगावर आलं. ती सावरेपर्यंत भोपळा तिच्या बोटांसमोरून निघून गेला.

"ओढ, परत ओढ!"

केरबा भराभर दोरा ओढू लागला आणि ती जागा त्याच्या बोटांखाली आली. दुसरा पदरही तुटला होता. आता दोरा एका पदरावर होता.

पाणी ठकूच्या मांडीपर्यंत चढलं होतं. ती ओरडून म्हणाली, "केरबाभाऊ, आता मी सोडायची नाही! धरते मी! पण दोरा पक्का आहे ना?"

हो म्हणणं किती सोपं होतं. तगला दोरा, तर कुणाला काही कळणार नव्हतं. तुटला, तर एवढ्या पुरात दोरा तुटतोच, असं सगळे म्हणाले असते. नदीला बोल लावायला सारा गाव तयार होता. फक्त ती बाई भरवशानं उंबराचं खोड सोडणार होती, दोन्ही हातांनी दोरा धरून जाड दोर ओढणार होती, आणि त्या वेळी तो तुटला असता तर तिला धरायला काहीच उरलं नसतं.

"नाही!" केरबा ओरडला. "पक्का नाही! काचलाय! मला ठाऊक होतं, ठकूबाई! खोड सोडू नको, थांब!"

पाटलांचा आवाज चढला. "ठाऊक होतं? मग मघाशी तोंड शिवलं होतं का तुझं?"

केरबानं कमरेचा विळा काढला आणि काचलेला सगळा भाग कचाकच कापून चिखलात टाकला. उरलेला दोरा चांगला होता, पण पंचवीस हात कमी पडत होता.

गर्दीतून जानकू पुढं आला. त्याच्या खांद्यावर बारीक सुतळीची गुंडाळी होती. त्यानं ती केरबाच्या हातात ठेवली.

"अंबाडीची आहे," तो म्हणाला. "मेण लावलेलं नाही. भिजली की बुडेल."

"पुढं रेशीम ठेवतो, ते तरंगेल," केरबा म्हणाला. "तुझी सुतळी काठाकडं. लांब वेळूवर उचलून धरू, पाण्याला लागायला नको."

"घे मग. पण आधी बघून घे."

केरबानं सुतळी बोटांत धरली आणि हात-हात सरकवू लागला. एक, दोन, तीन. काठावरचे लोक कासावीस झाले. "अरे, बाई बुडतेय तिकडं! टाक ना!"

"एकदा ठाऊक असून तसाच टाकला," केरबा मान वर न करता म्हणाला. "आता बघूनच टाकीन."

तेवढ्यात बेटावरून किंकाळी आली. गाढवाचे पाय सुटले होते. ते एकदा वर आलं, मान उंच करून काठाकडं पाहिलं आणि तांबड्या पाण्यात दिसेनासं झालं. ठकूनं दोन्ही हातांनी खोडाला मिठी मारली.

केरबाची बोटं थांबली नाहीत. अकराव्या हाताला सुतळी एका जागी बारीक लागली. त्यानं जानकूकडे पाहिलं.

"काप," जानकू म्हणाला.

त्यानं तेवढा तुकडा कापला, गाठ मारली, गाठ भिजवून दातांनी आवळली, ओढून पाहिली. रेशमाला सुतळी जोडली, तीही गाठ ओढून पाहिली. जानकूनं वेळू उंच धरला. भोपळा पुन्हा पाण्यात गेला.

या खेपेला केरबानं तो जांभळीच्या दोन हात अलीकडून सोडला. भोपळा धारेत शिरला, एका ओंडक्याच्या मागं गेला, पुन्हा दिसला आणि थेट ठकूच्या अंगावर जाऊन आदळला. तिनं तो कवटाळला.

"आता जाड दोर!" गडी धावले. त्यांनी दोर सुतळीच्या टोकाला बांधला आणि सगळाच्या सगळा पाण्यात लोटायला निघाले.

"हळू!" केरबा गरजला. "एकदम सोडलात तर धार सगळा भार त्या दोऱ्यावर टाकेल. हातभर सोडा. थांबा. परत हातभर."

ठकू उंबराला पाठ टेकून दोन्ही हातांनी ओढत होती. रेशीम तुणतुण्याच्या तारेसारखं ताणलं होतं. एकेका हाताला वाटायचं, आता तुटणार. पाणी तिच्या कमरेवर गेलं होतं. कितीदा हातभर झालं, ते कुणी मोजलं नाही. शेवटी जाड दोराचं टोक पाण्यातून वर आलं आणि ठकूच्या मुठीत गेलं.

तिनं दोर काखेखालून बांधला, गाठ आवळली, डोळे मिटले आणि उंबर सोडला. वीस गडी मागं रेलले. ती एकदा पाण्याखाली गेली, वर आली, पुन्हा गेली. दुसऱ्यांदा वर यायला फार वेळ लागला. मग चिखलात पाय रोवून उभ्या असलेल्या केरबाच्या हातात तिचा दंड आला.

तिला काठावर निजवली. पाणी ओकून झाल्यावर ती उठून बसली, तेव्हा लोकांना पुन्हा बोलायला सुचलं.

"रेशीम, रेशीम म्हणून मिरवत होता," एकजण म्हणाला. "आणि निघाला काचलेला! आता याला कोण बाजारात नेईल?"

ठकूला धाप लागली होती, तरी ती बोलली. "दोरा कुणाचाही काचतो. काचलाय म्हणून ओरडून सांगणारा भेटला, म्हणून मी इथं बसले आहे." मग ती केरबाकडे वळली. तिचे डोळे भरून आले होते. "पण माझं गाढव गेलं, केरबाभाऊ. दोरा घेऊन घरून निघतानाच सांगितलं असतंस तर वेळ वाचला असता, तेही आलं असतं."

"हो," केरबा म्हणाला.

पूर ओसरला. तिसऱ्या दिवशी सकाळी ठकूनं दार उघडलं तर अंगणात चिकणमातीचा ढीग होता आणि डोक्यावर पाटी घेऊन केरबा दुसऱ्या खेपेला निघाला होता. लोक हसले. "गळकऱ्याचं गाढव झालं," म्हणाले. केरबानं कान दिला नाही. रोज सकाळी बेटावर जायचं, पाटी भरायची, आणायची. बाजारात दोरा निवडायला त्याला कुणी बोलावत नव्हतं. पुढं पुढं एकेक जण येऊ लागला, तेव्हाही तो आधी मातीची खेप टाकायचा आणि मगच निघायचा.

दिवाळीच्या पणत्या विकून ठकूनं नवं गाढव आणलं. त्या दिवशी तिनं केरबाच्या डोक्यावरची पाटी स्वतःच्या हातांनी उतरवून घेतली.

"बस झालं, भाऊ," ती म्हणाली. "आता आपल्या नदीवर जा."

तात्पर्य: ज्याच्यावर दुसऱ्याचा जीव टांगणार, त्या दोऱ्याचा दोष आपणच आधी सांगावा. उशिरा सांगितलेलं खरंही वाचवतं, पण त्या उशिराची भरपाई आपल्यालाच करावी लागते.