मिठाचा मोदक

कुमुदिनी एकदा नवस बोलली होती, सासऱ्यांची साखर उतरू दे, एकवीस संकष्ट्या करीन. व्रताचा नियम साधा. एकवीसपैकी एका मोदकात मीठ भरायचं. तो ज्याच्या तोंडी येईल त्याने तिथेच जेवण थांबवायचं. मामंजी पडले निवृत्त मामलेदार, पारख करून मोदक उचलणारे. आठ-दहा गोड मोदक चापल्याशिवाय त्यांना तो सापडायचाच नाही. वर म्हणायचे, "डॉक्टर कोण? मला थांबवील तो बाप्पाच!"

या चतुर्थीला तिने वाढलेला पहिला गोड लागला, दुसरा खारट. मामंजींनी हळूच तिसरा उचलला, मग चौथा, आणि गरजले, "सूनबाई, सगळेच खारट!"

"अगंबाई! बाप्पाने तर दुसऱ्यालाच थांबवलं होतं. मग पुढचे खारट हे तुम्हाला कळलं कसं, मामंजी?"

मामंजींनी तांब्या तोंडाला लावला.

बायांनो, तुमच्याही घरी असे मामंजी असतील, तर गोड मोदक एकच करा. बाकीचं बाप्पा बघेल.