ट्रे भरेना, टुणकू भिजेना

होता एक बेडूक. चिंचोक्याएवढा. त्याचं नाव टुणकू.

टुणकू राहायचा अळूच्या वाफ्यात. वाफा होता शालनकाकूंच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी.

स्वयंपाकघरात होता एक फ्रीज. जुना, पांढरा, ढोल्या. दिवसभर म्हणायचा, घुर्रर्र... घुर्रर्र...

फ्रीजच्या मागे, अगदी खाली, एक ट्रे. ट्रेच्या वर एक नळी. नळीतून पाणी पडायचं. टप. टप. टप.

रोज सकाळी दिगंबरकाका ट्रे काढायचे. मागच्या दारी यायचे. अळूला पाणी घालायचे. भस्सकन!

अळूखाली टुणकू बसलेलाच असायचा. पाणी पाठीवर पडायचं. गारेगार! टुणकू म्हणायचा, “डराव!”

एकदा काय झालं? ऊन होतं कडकडीत. काका आले. त्यांनी ट्रे उलटा केला.

एक थेंबसुद्धा नाही!

“अरेच्चा! ट्रे कोरडा कसा?” काका म्हणाले. आत गेले. ट्रे जागेवर ठेवला. फ्रीजच्या पुढे आले, आणि...

धपाक!

“अहो! लागलं का?” काकू धावल्या.

“लागलं नाही गं. पण इथे पाणीच पाणी आहे!”

फ्रीजच्या मागे कोरडं. फ्रीजच्या पुढे तळं. असं झालं होतं.

टुणकू बाहेर वाट बघत बसला. ऊन चढलं. पाठ कोरडी झाली. मग खरखरीत झाली. बेडकाची पाठ सुकली की बेडकाला बरं वाटत नाही. टुणकूला मुळीच बरं वाटेना.

“आपणच जाऊन बघावं,” टुणकू म्हणाला. आणि उंबरा ओलांडून आत गेला.

टुणुक टुणुक. टुणुक टुणुक. टुणकू गेला ट्रेकडे.

“ट्रेदादा, ट्रेदादा, भर ना.”

“का रे?”

“माझी पाठ भिजेना. आता मी करू काय?”

ट्रे म्हणाला, “नळी गळल्याशिवाय मी नाही भरायचा.”

टुणुक टुणुक. टुणुक टुणुक. टुणकू गेला नळीकडे.

“नळीताई, नळीताई, गळ ना.”

“का रे?”

“ट्रे भरेना,
माझी पाठ भिजेना.
आता मी करू काय?”

नळी म्हणाली, “आतलं भोक खुलल्याशिवाय मी नाही गळायची.”

आतलं भोक म्हणजे फ्रीजच्या आतलं. भाजीच्या खणाच्या मागे असतं ते. इवलंसं. फ्रीजमधलं पाणी तिथून नळीत जातं. भोक तुंबलं की पाणी दारातून पुढे सांडतं.

काकूंनी फ्रीजचं दार उघडलंच होतं. त्या ओली भाजी बाहेर काढत होत्या. टुणकू दाराशी थांबला. फरशीवरच्या पाण्यात पाय भिजले, पाठ मात्र कोरडीच. आत गेला नाही. बाहेरूनच ओरडला.

“भोकोबा, भोकोबा, खुल ना.”

“का रे?”

“ट्रे भरेना,
नळी गळेना,
माझी पाठ भिजेना.
आता मी करू काय?”

भोक म्हणालं, “बघ ना, माझ्यात कोथिंबिरीचं पान अडकलंय. पान हलल्याशिवाय मी नाही खुलायचं.”

टुणकूने मान उंच केली. खरंच की! हिरवं हिरवं पान. भोकात घट्ट बसलेलं.

“पानोबा, पानोबा, हल ना.”

“का रे?”

“ट्रे भरेना,
नळी गळेना,
भोक खुलेना,
माझी पाठ भिजेना.
आता मी करू काय?”

पान म्हणालं, “मी गारठलंय, चिकटलंय. कोमट पाणी आल्याशिवाय मी नाही हलायचं.”

कोमट पाणी होतं ओट्यावर, पातेल्यात. काकूंनीच करून ठेवलं होतं. काकूंना ठाऊक होतं, भोक तुंबलं की कोमट पाणी ओतायचं.

टुणुक टुणुक. टुणुक टुणुक. टुणकू ओट्याखाली गेला.

“पाणीबाई, पाणीबाई, ये ना.”

“का रे?”

“ट्रे भरेना,
नळी गळेना,
भोक खुलेना,
पान हलेना,
माझी पाठ भिजेना.
आता मी करू काय?”

पाणी वरून म्हणालं, “काकूंनी ओतल्याशिवाय मी नाही यायचं.”

टुणुक टुणुक. टुणुक टुणुक. टुणकू गेला काकूंकडे.

“काकू, काकू, पाणी ओता ना.”

“अगंबाई, बेडूक! का रे बाळा?”

“ट्रे भरेना,
नळी गळेना,
भोक खुलेना,
पान हलेना,
पाणी येईना,
माझी पाठ भिजेना.
आता मी करू काय?”

काकू म्हणाल्या, “चालू फ्रीजमध्ये पाणी ओततात का? प्लग निघाल्याशिवाय मी नाही ओतायची.”

“मग प्लग काढा ना!”

“माझे हात बघ. ओलेचिंब. ओल्या हाताने प्लगला हात लावायचा नाही. कधीच नाही.”

टुणुक टुणुक. टुणुक टुणुक. टुणकू गेला भिंतीपाशी. प्लग होता वर, भिंतीवर.

“प्लगदादा, प्लगदादा, नीघ ना.”

“तिथेच थांब! जवळ येऊ नकोस. तिथूनच बोल. का रे?”

“ट्रे भरेना,
नळी गळेना,
भोक खुलेना,
पान हलेना,
पाणी येईना,
काकू ओतेनात,
माझी पाठ भिजेना.
आता मी करू काय?”

प्लग म्हणाला, “काकांनी ओढल्याशिवाय मी नाही निघायचा.”

काका बसले होते स्टुलावर. पाय वर घेऊन. लेंगा मागून भिजलेला.

टुणुक टुणुक. टुणुक... टुणुक. टुणकू आता दमला होता. उड्या लहान झाल्या होत्या.

“काका, काका, उठा ना.”

“का रे बेडकोबा?”

“ट्रे भरेना,
नळी गळेना,
भोक खुलेना,
पान हलेना,
पाणी येईना,
काकू ओतेनात,
प्लग निघेना,
माझी पाठ भिजेना.
आता मी करू काय?”

काका म्हणाले, “ओल्या फरशीवर उभं राहून प्लग काढायचा नसतो. आणि मी एकदा धपाक झालोय! फरशी सुकल्याशिवाय मी नाही उठायचा.”

फरशी तिथेच होती. टुणकूच्या पायाखालीच. टुणकूने खाली बघितलं.

“फरशीबाई, फरशीबाई, सुका ना.”

“का रे?”

“ट्रे भरेना,
नळी गळेना,
भोक खुलेना,
पान हलेना,
पाणी येईना,
काकू ओतेनात,
प्लग निघेना,
काका उठेनात,
माझी पाठ भिजेना.
आता मी करू काय?”

फरशी म्हणाली, “फडकं फिरल्याशिवाय मी नाही सुकायची.”

तेवढ्यात काकूंनी विचारलं, “अहो, फरशी पुसायचं फडकं कुठे गेलं? केव्हाची शोधतेय.”

“मी नाही बघितलं,” काका म्हणाले.

टुणकूने इकडे बघितलं. तिकडे बघितलं. टेबलाखाली नाही. दारामागे नाही. आणि तांदळाच्या डब्यामागे?

डब्यामागे झोपली होती भुरी मांजर. आणि भुरीच्या पोटाखालून काहीतरी डोकावत होतं. निळं निळं. चौकटीचौकटीचं.

फडकं!

टुणकू थांबला. भुरी केवढी मोठी! टुणकू केवढासा! तरी तो गेला. हळूच.

टुणुक. टुणुक.

“फडकेबुवा, फडकेबुवा, फिरा ना.”

“हळू बोल! का रे?”

टुणकू अगदी हळू बोलला.

“ट्रे भरेना,
नळी गळेना,
भोक खुलेना,
पान हलेना,
पाणी येईना,
काकू ओतेनात,
प्लग निघेना,
काका उठेनात,
फरशी सुकेना,
माझी पाठ भिजेना.
आता मी करू काय?”

फडकं कुजबुजलं, “भुरी उठल्याशिवाय मी नाही फिरायचं.”

आता भुरीला कोण उठवणार?

टुणकूने डोळे मिटले. डोळे उघडले. मोठा श्वास घेतला.

“भुरीमावशी, भुरीमावशी, ऊठ ना.”

भुरीने एक डोळा उघडला. एकच. हिरवा.

“का रे?”

“ट्रे भरेना,
नळी गळेना,
भोक खुलेना,
पान हलेना,
पाणी येईना,
काकू ओतेनात,
प्लग निघेना,
काका उठेनात,
फरशी सुकेना,
फडकं फिरेना,
माझी पाठ भिजेना.
आता मी करू काय?”

भुरीने जांभई दिली. आऽऽऊं. पांढरे दात दिसले.

“माझ्या अंगावरून उडी मारशील? या कुशीवरून त्या कुशीला? तरच मी उठेन. नाहीतर मी नाही उठायची.”

आणि तिने डोळा मिटला.

टुणकूने उडी मारली. टुणुक! भुरीच्या शेपटीपर्यंतच पोचला. धप्पकन खाली.

पाय दुखले. पाठ खरखरली. घसा तर सुकलेलाच. टुणकूला वाटलं, जावं परत अळूखाली. बसावं गुपचूप.

पण अळूखाली तरी पाणी कुठे होतं?

टुणकू मागे सरकला. एक पाऊल. आणखी एक. आणखी एक. पाय पोटाशी घेतले. आणि...

टूऽऽऽणुक!

गेला! भुरीच्या पोटावरून गेला! मिश्यांवरून गेला! कानाला घासून गेला!

“फिस्स! गुदगुल्या!” भुरी ताडकन उठली. पाठीची कमान केली. अंग झाडलं.

“म्याँव!”

काकूंनी वळून बघितलं. “अगं लबाडे! फडक्यावर झोपलीस होय?”

भुरी उठली,
तसं फडकं सुटलं.

फडकं फिरलं,
तशी फरशी सुकली. सर्रर्र सर्रर्र.

फरशी सुकली,
तसे काका उठले.

काका उठले, त्यांनी हात पुसले,
आणि प्लग निघाला. खट्!

घुर्रर्र थांबलं. स्वयंपाकघर एकदम गप्प झालं.

प्लग निघाला,
तसं काकूंनी ओतलं. थोडं थोडं. हळू हळू.

काकूंनी ओतलं,
तसं कोमट पाणी आलं.

पाणी आलं,
तसं पान हललं. हललं, डुललं, सुळकन सुटलं.

पान सुटलं,
तसं भोक खुललं. गुडगुड गुडगुड गुडूप!

भोक खुललं,
तशी नळी गळली. टप. टप. टपटपटपटप!

नळी गळली,
तसा ट्रे भरला. काठोकाठ!

“भरला हो!” काका फ्रीजच्या मागून ओरडले.

काकांनी ट्रेत बोट बुडवलं. फ्रीजच्या आत साचलेलं पाणी गार. पातेल्यातलं कोमट. दोन्ही मिसळलं. छान गारसर झालं.

“आधी प्लग लावा हो,” काकू म्हणाल्या. “दूध नासेल.”

काकांनी बोट पुसलं. हात कोरडे केले. मग प्लग लावला.

घुर्रर्र... घुर्रर्र...

काकूंनी कोथिंबीर निवडली. कोरड्या कापडाने टिपली. डब्यात भरली. झाकण लावलं. “आता नाही हो एकही पान पडायचं,” त्या म्हणाल्या.

काकांनी ट्रे उचलला. जपून, सांडू न देता. काका मागच्या दारी निघाले. त्यांच्या पुढे टुणकू.

टुणुक टुणुक. टुणुक टुणुक.

टुणकू अळूखाली बसला. पाठ वर केली. डोळे मिटले.

भस्सकन!

पाठ भिजली. पोट भिजलं. चारही पाय भिजले. नाकावर एक थेंब आला आणि तिथेच बसला.

काका खाली वाकले. “काय बेडकोबा, झालं का?”

टुणकूने गाल फुगवले. चिंचोक्याएवढा बेडूक, पण आवाज केला केवढा!

“डराऽऽऽव!”

तुंबलेली गोष्ट वाहिली,
टुणकूची पाठ ओली राहिली.