हातावरचे दही

एका राज्यात राजा होता, पण राजा काही राज्यात नव्हता. बारा वर्षे झाली, मल्लकेतु राजा चालत होता.

घडले ते असे. तळघरातले शापित भांडार उघडू नये, अशी कुळाची आज्ञा होती. राजाने उघडले. आत सोन्याच्या पादुका होत्या. त्या पायांत घातल्या मात्र, निघता निघेनात आणि तळपाय खाजू लागले. चालत राहिले की खाज थांबे, थांबले की पुन्हा सुरू. त्या राज्याची रीत अशी, की निघणाऱ्याच्या हातावर घरच्या बाईने दही घालायचे, म्हणजे तो सुखरूप परत येतो. पण हेमावती राणी रडेल या भयाने राजा मागच्या दाराने निघून गेला. सात किल्ले जिंकलेला वीर, पण बायकोचे रडे पाहायचे धैर्य झाले नाही!

वाटेत त्याला डोंगरावरचा एक मांत्रिक भेटला. तो म्हणाला, "तीन कामे कर. पादुका गळून पडतील."

राजाने आगीच्या डोंगरावरून थंड निखारा आणला. सात समुद्रांपलीकडून गोड मीठ आणले. वाळवंटातल्या एकुलत्या झाडाची सावली घडी घालून आणली. एकेका कामाला चार चार वर्षे गेली. जेवण चालता चालता, झोपही चालता चालताच. लोक म्हणत, राजाच्या पायाला भिंगरी लागली. पहिल्या वर्षी नवे देश पाहून त्याला मौज वाटली होती, खोटे कशाला सांगावे? बाराव्या वर्षी त्याला फक्त एक पाट हवा होता, बसायला.

पादुका गळून पडल्या. राजा मटकन खाली बसला आणि निखाऱ्यावर बसल्यासारखा उठला.

"फसवलेस मला!"

"पादुकांचा शाप होता तो उतरला," मांत्रिक म्हणाला. "उरलेली खाज त्यांची नव्हे. जा बाबा, मीही थकलो."

तेव्हा जवळच्या झाडाच्या फांदीवरची एक साळुंकी बोलली, "राजा, निघताना हातावर दही कोणी घातले?"

"कोणी नाही. मी न सांगता निघालो."

"मग तुझे परतणे कसे व्हावे? राणीकडून निरोप घे. कारण सांगू नकोस. तिने राग न धरता दिला तर सुटशील, नाही तर मरेपर्यंत चालशील."

राजा घरी आला. पहारेकऱ्यांनी त्याला ओळखले नाही, राणीने ओळखले. तिचे केस पिकले होते. बारा वर्षे तिनेच राज्य चालवले होते.

"महाराज, बसा."

राजा तुळशीवृंदावनाभोवती फेऱ्या घालू लागला. "बसता येत नाही. राणी, मला निरोप दे."

राणीचा चेहरा उतरला. "इतक्या वर्षांनी आलात, ते निरोप मागायला?"

राजाच्या तोंडाशी सगळे आले होते. त्याने ओठ दाबले आणि आणखी एक फेरी घातली. त्याला भीती वाटली, तिच्या नाही म्हणण्याची.

राणी आत गेली. बाहेर आली ती वाटी घेऊन.

"त्या दिवशीही ही वाटी भरून ठेवली होती," ती म्हणाली. "पादुका पायात पाहिल्या, तेव्हाच कळले होते तुम्ही निघणार. मी रडले असते, महाराज. पण दही घातले असते. तेव्हापासून रोज विरजण लावते."

राजाने हात पुढे केला. राणीने दही घातले आणि म्हणाली, "सांभाळून जा. लवकर या."

तिच्या आवाजात राग नव्हता. राजाने दही चाटले. आंबट होते. तो महाद्वारापर्यंत गेला, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकले आणि थांबला. तळपाय शांत होते. मागे वळला तर राणी अजून पायरीवरच उभी होती.

मग तिने भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, त्याच्या पायांवर पाणी घातले आणि त्याला आत घेतले. भांडारावर पुन्हा कुलूप चढले. मागचे दार राजाने चिणून घ्यायला सांगितले. राज्यात राजा होता, आणि आता राजा राज्यातही होता.

राणीने पाट मांडला, ताट वाढून आणले. राजा पाटावर बसल्या बसल्या झोपी गेला होता. तिने त्याला उठवले नाही.