पिंपातला परीचा वाटा

फ्रान्स देशात एका उन्हात न्हालेल्या टेकडीवर द्राक्षांचा जुना मळा होता. मळ्याच्या कडेला दगडी खोपटात सोलीन नावाची चिमुरडी मालकासाठी मळा राखणाऱ्या आजोबांबरोबर राहायची. तिला आईबाबा नव्हते. फ्रॉकला ठिगळं होती, आणि कांद्याचं पातळ सूप आजोबा-नात अर्धं अर्धं प्यायचे. मळा मात्र राजासारखा श्रीमंत! आजोबांच्या आजोबांनी लावलेल्या वाकड्यातिकड्या वेली, त्यांना काळेभोर, जांभळे, टपोरे घोस, आणि प्रत्येक ओळीच्या टोकाला एक गुलाबाचं झाड.

सोलीन जन्मली त्या वर्षीची लाल वाइन आजोबांनी तळघरातल्या ओकच्या लाकडाच्या थोरल्या पिंपात भरून ठेवली होती. लोणचं मुरतं ना, तशी ती अंधारात गुपचूप मुरत होती. पण गंमत अशी, की दरवर्षी ती पिंपात थोडी कमी व्हायची. कुठे जायची, कुणाला ठाऊक.

वसंतात मळ्याला नवे मालक आले, बर्त्राँसाहेब. शहरातले. त्यांना वाटलं, म्हातारा चोरून पितो. त्यांनी पिंपात काठी बुडवली, काठीवर खूण केली आणि बजावलं, की द्राक्षतोडणीपर्यंत वाइन या खुणेखाली उतरली तर वेली उपटून टाकीन आणि तुम्हालाही घालवीन. त्या दिवशी आजोबा जेवले नाहीत.

सोलीननं मेण वितळवलं आणि पिंपाचं बूच, फटी, सांधे, सगळं लिंपून टाकलं. आता एक थेंब कमी होईल तर शपथ!

पण उन्हाळा आला आणि गुलाब माना टाकू लागले. सोलीन पाणी घालायला गेली, तर एका अर्धवट उमललेल्या कळीत तिला एक इवलीशी परी दिसली. चांदीचे पंख, माणकासारखा लालचुटुक झगा, पण चेहरा पांढराफटक.

"तुला बरं नाही का गं?" सोलीननं विचारलं.

"भूक लागलीय," परी हळूच म्हणाली. "मी पिंपातून येणाऱ्या सुवासावर जगते, बाळा. थोडासा घेते, आणि बदल्यात वाइनला त्या वर्षाचं ऊन देते. यंदा दार बंद आहे."

सोलीन मटकन खाली बसली. मेण काढलं तर वेली जाणार, घर जाणार, आजोबांवर चोरीचा आळ येणार. नाही काढलं तर ही एवढीशी परी जाणार. ती खूप वेळ विचार करत राहिली. मग डोळे पुसत तळघरात गेली आणि तिनं नखांनी मेण खरवडून काढलं.

दुसऱ्या दिवशी गुलाब टवटवीत झाले. परी गुलाबी, सोनेरी प्रकाशात झुलत म्हणाली, "एक वर माग. पण प्यालेलं मला परत देता येत नाही, आणि खोटं खरं करता येत नाही."

म्हणजे पिंप भरून मागता येणार नव्हतं. सोलीननं थोडा विचार केला. "मग असं कर," ती म्हणाली, "जो कुणी ती वाइन चाखेल, त्याला माझ्या आजोबांचे कष्ट कळू देत."

शरदात बर्त्राँसाहेब आले. काठी बुडवली, तर वाइन खुणेच्या चांगली बोटभर खाली! त्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या. सोलीननं पुढे होऊन सगळं खरं खरं सांगितलं. परी म्हणे! ते हसले आणि निदान चव तरी बघू म्हणून त्यांनी एक घोट घेतला.

त्या घोटात त्यांना गोठत्या पहाटे कोंब जगवायला पेटवलेल्या शेकोट्या दिसल्या, धोंडे वेचून सोलवटलेले हात दिसले, दुष्काळातही वेलीशी बोलत बसलेला एक तरुण दिसला. तो तरुण आता म्हातारा होऊन समोर टोपी हातात धरून उभा होता.

"आजोबा, माझं चुकलं," साहेब म्हणाले. "वेलींना कुणी हात लावणार नाही. मळा तुम्हीच सांभाळा, आणि तुमच्यानंतर ही पोर."

आजोबांनी टोपी घालण्याच्या निमित्तानं डोळे पुसले. साहेबांनी ती काठी गुडघ्यावर मोडली आणि सोलीनच्या हाती दिली. ती धावत गुलाबाकडे गेली. परीनं तिच्या कपाळाला पंख टेकवले, आणि लाल, केशरी, सोनेरी उजेडाचा एक झोत द्राक्षांच्या पानापानांतून फिरला. उजेड विरला, तेव्हा कळी रिकामी होती.

त्या मोडक्या काठीला सोलीननं गुलाबाचं एक नवं रोप बांधलं. पुढे ती मोठी झाली, मळा सांभाळू लागली, तिनंही पिंपं भरली. दरवर्षी त्यांतली वाइन थोडी थोडी उतरायची. कुणी विचारलंच, तर सोलीन म्हणायची, "जिचं होतं, ती घेऊन गेली."